साठ तासांचं पाणी

४ जून

वहिनी,

हे फोनवर विचारता येत नाही, कारण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर. तू "हॅलो" म्हणतेस तेव्हा आई, बाबा, काका आणि दारात साखर मागायला आलेलं कुणीही ऐकत असतं. म्हणून तुझ्या एकुलत्या एक नणंदेचं हे पहिलं पत्र. जपून ठेवू नकोस, उत्तर दे.

मला दोन ठिकाणी जागा मिळाली आहे. एक तुझ्या कॉलेजात, सिव्हिलला, चार वर्षं. दुसरी त्या नव्या कॉलेजात, जिथे पहिलं वर्ष इथे आणि पुढची दोन परदेशात, म्हणजे तीन वर्षांत पदवी. बाबा म्हणतात, जुनं ते जुनं. काका म्हणतात, बाहेरचा शिक्का तो बाहेरचा शिक्का. काल जेवताना दोघांची जुंपली. बाबांनी विचारलं, "चाराचं काम तिनात होतं, तर चौथ्या वर्षी आपली पोरं काय माशा मारतात?" काका म्हणाले, "तेच करतात." शेवटी आई म्हणाली, "घरात एक इंजिनिअर आहे ना, तिला विचारा की."

ती तू. तर सांग, तीन वर्षांची पदवी म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं का? आणि तुझी चारची तिकडे चालली ना? आई शेजारीपाजारी सांगत असते की सून पूल बांधते. तुझ्या दारावर पाटी काय आहे ते नीट लिही. मला भाव खायचा आहे.

दादाला सांग, जाताना त्याने नेलेला माझा स्क्रूड्रायव्हरचा संच मी विसरलेले नाही.

किल्ली


२० जून

किल्ले,

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि भिंतीवरचं घड्याळ उघडून त्याची चाकं ताटलीत मांडून बसली होतीस. त्याच दिवशी काकांनी तुझं नाव किल्ली ठेवलं. तेव्हा तू इंजिनिअरिंगला चाललीस याचं मला नवल नाही. नवल इतकंच की विचारून चाललीस.

तीन आणि चारचं सांगते. इथली मुलं शाळेतच आपल्याहून एक वर्ष जास्त असतात. आपण पहिल्या वर्षाला जे गणित आणि भौतिकशास्त्र शिकतो ते त्यांनी शाळेत उरकलेलं असतं. म्हणून त्यांची तीन. पण त्या तिनावर इथे कुणी पुलाला हात लावू देत नाही. पुढे आणखी दोन वर्षं शिकायचं, मग काही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली, मग परवाना. आणि सीमेपलीकडच्या देशात सरळ पाचच वर्षांची पदवी आहे, तिथे तीनवाल्यांना हसतात. बाबांना सांग, दोराची लांबी मोजून त्याचं बळ कळत नाही, तसंच हे.

माझं म्हणशील तर मी पुलांच्या विभागात आहे. खिडकी मोठी आहे, खाली ट्रामचे रूळ दिसतात. दारावर पाटी नाही, कारण आम्हा बारा जणांना मिळून एक दालन आहे आणि त्याचं दार सदा उघडं. माझी पदवी इथल्या इंजिनिअरांच्या मंडळाकडे तपासायला दिली आहे. ती इथली रीतच आहे. काम भरपूर, माणसं बरी. तुझ्या दादाला दवाखान्यातली नोकरी मानवली आहे, वजन वाढलंय.

कॉलेज तू तुझ्या मनाने निवड. मी तिथेच शिकले आणि माझं काही अडलं नाही.

वहिनी


११ जुलै

वहिनी,

"माझं काही अडलं नाही" हे तुझं वाक्य मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी मी तुझ्या कॉलेजात प्रवेश घेतला.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. आईने नेहमीसारखं विचारलं, "सूनबाईचा पूल कुठवर आला?" दादा म्हणाला, "तिचा कुठला पूल, आई. ती ड्रॉइंग करते, आकडे काढते. सही दुसरी बाई करते. हिची पदवी इथे अर्धीच धरतात ना." मग त्याला आठवलं की आपल्याकडचा फोन स्पीकरवर असतो. आई म्हणाली, "काम ते काम," आणि आत गेली. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला तू ड्रॉइंग करतेस याचं काही नाही वाटत. मला राग याचा आहे की मी सरळ प्रश्न विचारला होता आणि तू मला खिडकी आणि ट्राम दाखवलीस. तुझ्या एका वाक्यावर मी चार वर्षं लावली आहेत. प्रवेश रद्द करायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. काकांच्या ओळखीने नव्या कॉलेजातली जागा अजून माझ्या नावावर आहे. आता खरं लिही. गोड लिहू नकोस.

किल्ली


१९ जुलै

किल्ले,

तुझा राग रास्त आहे. लपवलं, आणि ते तुझ्या अंगाशी येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता सगळं सांगते.

इथे "इंजिनिअर" हा शब्द कायद्याने राखून ठेवला आहे. परवाना नसताना कार्डावर छापला तर दंड होतो. माझ्या कार्डावर "तांत्रिक सहायक" आहे. नऊ वर्षं मी तिकडे इमारतींचे सांगाडे काढले, त्यातल्या एकालाही तडा गेला नाही. पण इथे नोकरी देताना त्यांनी सांगितलं की मंडळाने पदवी बरोबरीची धरेपर्यंत सही करता येणार नाही. मंडळ वर्षं मोजत नाही, तास मोजतं. वर्गात किती, स्वतःच्या अभ्यासाचे किती, प्रयोगशाळेत किती. त्यांनी माझी चार वर्षं विषयवार उघडून ठेवली. बांधकामशास्त्रात मी त्यांच्या मुलांच्याही पुढे आहे. काँक्रीट, सर्वेक्षण, माती, सगळं बरोबरीचं. अडलंय हायड्रॉलिक्सपाशी, म्हणजे पाण्याच्या शास्त्रापाशी.

आधी मला याचा फार संताप आला. मग एक गोष्ट घडली. ओढ्यातल्या एका खांबाचं काम माझ्याकडे होतं. पुरात खांबाच्या बुडाची माती किती खोल खरवडली जाईल, तो आकडा मी सूत्राने काढला. आमच्या कागदांवर ज्या बाई सही करतात त्यांनी तपासला, म्हणाल्या, बरोबर आहे. मग त्यांनी सहज विचारलं, "हा तुला जास्त वाटतो की कमी?" मला उत्तर देता आलं नाही. सूत्र पाठ होतं, पण ते पाणी डोळ्यांपुढे येईना.

माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पुन्हा दोन वर्षं शिकायचं, जन्मभर सहायक राहायचं, नाहीतर सप्टेंबरात मंडळाच्या समितीसमोर उभं राहून माझी पदवी काय वजनाची आहे ते पटवायचं. मी उभी राहणार आहे. त्यासाठी मला कॉलेजचा शिक्का मारलेला त्या वेळचा अभ्यासक्रम हवा आहे, तेवढा मिळवून पाठव.

तुझ्या प्रवेशाचं मी सांगणार नाही. एकदा सांगून पाहिलं.

आईंशी मी काल वेगळी बोलले. त्या म्हणाल्या, "मी शेजारी सांगितलेलं परत घेणार नाही. तूच ते खरं करून दाखव."

वहिनी


८ ऑगस्ट

वहिनी,

मी कॉलेज सोडलं नाही. तुझ्यावर मेहरबानी म्हणून नव्हे. मी काकांना घेऊन त्या नव्या कॉलेजात गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं, "ही तीन वर्षांची पदवी घेऊन मला तिकडे पुलावर सही करता येईल का?" त्या हसल्या आणि वसतिगृहाचे फोटो दाखवू लागल्या. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, तिकडे संधी खूप असतात. तिसऱ्यांदा काकांनीच विचारलं. बाहेर पडताना ते म्हणाले, "चल, हिला आपल्या वहिनीइतकंसुद्धा खरं बोलता येत नाही." हा तुझा गौरव समज.

अभ्यासक्रम सोबत आहे. कार्यालयातल्या कारकुनाने आधी उद्या ये म्हटलं, मग परवा ये म्हटलं. मग मी डबा घेऊन त्यांच्या टेबलासमोरच जेवायला बसले. त्यांनी शिक्का मारून दिला.

आता नीट वाच. त्यात हायड्रॉलिक्सच्या पानावर लिहिलंय, प्रयोगशाळा साठ तास. ती प्रयोगशाळा मी शोधली. मागच्या इमारतीत तळमजल्यावर, दाराला कुलूप. खिडकीच्या फुटक्या काचेतून पाहिलं तर आत काचेच्या भिंतींचा लांबच लांब पाट आहे, पाणी सोडून त्याची चाल पाहायचा, आणि त्या पाटात मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारलं, तुम्ही प्रयोग कधी करता? त्या म्हणाल्या, करायचे कशाला, मागच्या बॅचची जर्नलं मिळतात, त्यातले आकडे उतरवायचे.

तुझ्या वेळी पाणी होतं का?

काका म्हणतात, कागदावर साठ आहेत तर साठच सांगायचे. कागदाला खिडकी नसते.

किल्ली


२७ सप्टेंबर

किल्ले,

नव्हतं. माझ्या वेळी खुर्च्या नव्हत्या, इतकाच फरक.

समितीत तिघं होती. मधोमध एक वयस्क बाई, धरणांवर आयुष्य गेलेल्या. एका बाजूला कानाला यंत्र लावलेले म्हातारे गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एक तरुण प्राध्यापक. माझ्या जुन्या कामांची चित्रं त्यांनी तासभर पाहिली. म्हातारबुवा एका जिन्याच्या तपशिलावर खूश झाले, दोनदा परत मागून घेतला. मला वाटलं, निभावलं.

मग बाईंनी तुझा शिक्का मारलेला कागद पुढे ओढला. "साठ तास. चांगलं आहे. वेगात आलेलं पाणी एका जागी उसळून संथ होतं, तो प्रयोग तुम्ही केला असेल. तुमच्या पाटात उसळी कुठे उभी राहायची? पाणी जिच्याखालून सुटतं त्या फळीच्या जवळ की लांब?"

किल्ले, मी "जवळ" म्हणू शकले असते, "लांब" म्हणू शकले असते. दोन्ही खपलं असतं. पण मला ओढ्यातला तो खांब आठवला. उद्या सही माझी असेल आणि तो आकडा जास्त की कमी हे मला कळणार नसेल. मी म्हटलं, "मला माहीत नाही. कागदावर साठ तास आहेत. आम्ही आधीच्या मुलांच्या वह्यांतून आकडे उतरवले. पाटात पाणी मी कधी पाहिलं नाही."

प्राध्यापकाने पेन खाली ठेवलं. बाईंनी विचारलं, "तुमच्या एकटीच्या बाबतीत असं झालं?" मी म्हटलं, "नाही."

निकाल काल आला. बाकी सगळं बरोबरीचं. हायड्रॉलिक्स मात्र मला इथल्या विद्यापीठात एक पूर्ण सत्र मुलांबरोबर बसून शिकायचं आहे, प्रयोगांसकट. पास झाले तर परवाना. हे मला मान्य आहे. पण खाली आणखी एक ओळ आहे, ती मी मागितली नव्हती. आमच्या कॉलेजच्या पदवीधरांचे प्रयोगशाळेचे तास यापुढे पुराव्याशिवाय धरू नयेत, अशी.

तुझा दादा म्हणाला, "खरं बोलायचं होतं तर स्वतःपुरतं बोलायचं." मी त्याला सांगितलं की त्यांनी स्वतःपुरतं विचारलं नव्हतं. आम्ही त्यावरून दोन दिवस धड बोललो नाही.

ती ओळ तुझ्यावरही पडते. म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी लिहिते आहे.

वहिनी


३० ऑक्टोबर

वहिनी,

कळायचं ते आधीच कळलं. गेल्या वर्षी पदवी घेतलेला एक मुलगा आहे, त्याला सगळे लंब्या म्हणतात. तुझ्याच देशात त्याची नोकरी ठरली होती, सामानसुद्धा बांधलं होतं. मंडळाने त्याचा अर्ज अडवला आणि कारण म्हणून ती ओळ दाखवली. कुणी बोललं ते शोधत शोधत तो आपल्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "तुमच्या वहिनींना एक सत्र बसावं लागेल, आमच्या चाळीस जणांचं काय? त्यांना सत्य बोलायची हौस होती तर तिकडे जायच्या आधी बोलायचं होतं, इथे, या कॉलेजात."

बाबा त्याला काही बोलणार होते. मी त्यांना थांबवलं, कारण तो बरोबर बोलत होता.

तूही बरोबर आहेस. दोघंही बरोबर असाल तर चूक कुणाची हे शोधत बसायला मला वेळ नाही. तू तिथे सांगितलंस की पाटात पाणी नाही. ठीक. आता मी पाटात पाणी आणते. मग तुझं बोलणं जुनं होईल.

विभागप्रमुखांना भेटले. ते म्हणाले, "बाळ, तू पहिल्या वर्षाला आहेस. हा विषय दुसऱ्या वर्षाचा. आणि परीक्षेत प्रयोग कुणी विचारत नाही." प्राचार्य म्हणाले, अर्ज दे. दिला. मग म्हणाले, अर्ज विभागप्रमुखांमार्फत दे. म्हणजे कोल्हा म्हणतो द्राक्षं आंबट आणि वेल म्हणते कोल्ह्याला विचारा.

तू अभ्यास कर. तिकडे तो पाट कसा चालवतात ते बारीकसारीक लिही: पंप कुठे, काच कशी चिकटवतात, गळती कशी थांबवतात. भावनिक काही लिहू नकोस.

किल्ली


१८ जानेवारी

किल्ले,

बारीकसारीक वेगळ्या कागदावर लिहिलंय, आकृतीसकट. इथल्या प्रयोगशाळेतल्या कारागिराला तीन वेळा विचारून खात्री केली आहे. काचेच्या सांध्यात जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडल्याशिवाय नवं भरू नका. पंप सुरू करायच्या आधी नळीत हवा राहिली नाही ना ते पाहा.

वर्गात मी चौतीस वर्षांची आणि बाकी सगळी एकोणीस-वीसची. पहिल्या दिवशी एका मुलीने मलाच शंका विचारली, तिला वाटलं मी शिकवणार. शिकवणारा माझ्याहून लहान आहे. सही करणाऱ्या बाईंनी मला बुधवारची दुपार मोकळी दिली आहे, शनिवारी भरून काढायच्या बोलीवर.

पहिल्या प्रयोगाला झडप उघडली. पाणी फळीखालून सपाट, काचेसारखं निघालं, हातभर पुढे गेलं आणि एकदम उभं राहिलं. फेस, गरगर, आवाज. त्याच्या पलीकडे पुन्हा शांत. सूत्रात तिथे नुसतं बरोबरचं चिन्ह असतं. मी पाटाला हात लावून पाहिला, काच थरथरत होती. मुलं कंटाळून घड्याळाकडे बघत होती, त्यांनी हे शाळेत पाहिलं होतं.

आता एक लाजेची गोष्ट. माझे आकडे आलेखावर सरळ रेषेत बसले. शिकवणाऱ्याने विचारलं, "हे मोजले की जुळवले?" मी म्हटलं, मोजले. मग मलाच शंका आली. सगळे मोजले होते, एक सोडून. तो एक मी न मोजता रेषेवर बसवला होता, आणि बसवताना मला कळलंही नव्हतं. इतकी ती हाताला सवय. मी सांगितलं. त्याने सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. दुसऱ्या वेळी रेषा वेडीवाकडी आली, तर म्हणाला, "हं, हे पाणी वाटतं."

पहिल्या चाचणीत काठावर पास आहे. लंब्याला माझा निरोप सांग की त्याचं म्हणणं पोचलं. माफी मागत नाही, कारण पुन्हा विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं हे मी नाकारत नाही.

वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

बरंच घडलं. क्रमाने सांगते.

अर्ज फिरत राहिला. मग मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेले आणि मंडळाची ती ओळ वाचून दाखवली. म्हटलं, तुमची जर्नलं तपासायला जातील त्या दिवसापासून तुम्हीही या ओळीत बसाल. आधी हसले. एक जण म्हणाला, "ही पहिल्या वर्षाची चिमुरडी आम्हाला शिकवणार." मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग करायचं काय?" मी म्हटलं, "जे केलं नाही ते लिहू नका."

आठवडाभर भांडणं झाली. टर्मवर्कचे, म्हणजे जर्नलांचे, गुण गेले तर वर्ष जातं, हे काही खोटं नाही. चौघं शेवटपर्यंत तयार झाले नाहीत, त्यांनी जुनी जर्नलं उतरवली. त्यांना मी दोष देत नाही. बाकी सगळ्यांनी कोरी जर्नलं दिली. प्रत्येक प्रयोगाच्या पानावर नाव आणि खाली एकच ओळ: "प्रयोग झाला नाही."

विभागप्रमुख लाल झाले. मला बोलावून म्हणाले, "तुझ्यामुळे या मुलांचं वर्ष वाया जाईल, हे घेऊन झोप लागेल तुला?" खरं सांगू का, लागत नव्हतीच. पण मी म्हटलं, "सर, कुलूप उघडा. महिनाभर आहे अजून." ते म्हणाले, पंप जळालेला आहे. मी म्हटलं, ते आम्ही बघतो.

बाहेरच्या परीक्षकांपुढे कोऱ्या जर्नलांचा गठ्ठा ठेवायची प्राचार्यांची तयारी नव्हती. किल्ली मिळाली.

खुर्च्या काढायला एक दिवस. पंपाच्या जळक्या मोटरला नवी तार गुंडाळून आणली. काच खरवडायला घेतली तेव्हा दारात लंब्या उभा. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. तुझा निरोप मी त्याला शब्द न शब्द सांगितला. तो म्हणाला, "माफी मागत नाहीत म्हणजे सरळ आहेत," आणि बाह्या सरसावून पंपाखाली शिरला. त्याच्या बॅचला याचा काही उपयोग नाही, हे त्याला माहीत होतं. मी विचारलंही, मग तू का? म्हणाला, "चार वर्षं या इमारतीत काढली. एकदा पाहू तरी दे."

पहिल्यांदा सोडलं तेव्हा निम्मं पाणी जमिनीवर. दुसऱ्यांदा पंपाने हवाच ओढली. तिसऱ्यांदा पाणी फळीखालून निघालं. विभागप्रमुख मागे उभे होते, हाताची घडी घालून. उसळी उभी राहिली तेव्हा ते पुढे आले, चष्मा काढून खाली वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "मीही पुस्तकातच शिकवत आलो." दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लावून सगळ्या मुलांचे प्रयोग त्यांनीच घेतले, रविवारीसुद्धा. वर्ष कुणाचं गेलं नाही.

सगळ्यांचे आकडे, फोटो आणि विभागप्रमुखांचं पत्र मंडळाला पाठवलं आहे. तुझी परीक्षा कधी?

किल्ली


१४ जुलै

किल्ले,

पास झाले. पहिला वर्ग वगैरे काही नाही, मधोमध कुठेतरी. परवाना गेल्या आठवड्यात आला आणि कार्ड बदललं. आईंना फोन केला तेव्हा त्यांनी स्पीकर बंद केला आणि एकटीने ऐकलं. मग पुन्हा सुरू करून म्हणाल्या, "आता सगळ्यांना सांग."

पहिली सही एका पायपुलाची. शाळा आणि बसथांबा यांच्यामध्ये नाला आहे, त्यावरचा. आजवर सही करणाऱ्या बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्या चहा आणायला निघून गेल्या, मुद्दामच. मी तो पूर्ण सकाळभर वाचला. सही करताना हात हलका वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

मंडळाचं उत्तर तुमच्या प्राचार्यांना गेलं असेलच. यंदापासूनच्या बॅचचे तास ते धरतील, पण आधी त्यांचा माणूस येऊन प्रयोगशाळा चालू आहे का ते पाहणार. न सांगता येणार. पंप चालू ठेवा. आधीच्या बॅचना सूट नाही. मी समितीतल्या बाईंना भेटून त्यासाठी बोलले, दोनदा. त्या म्हणाल्या, "त्यांनीही तुमच्यासारखं सत्र करावं. दार बंद नाही." त्याहून जास्त काही पदरात पडलं नाही.

लंब्याने ते मान्य केलं आहे. त्याच्या कंपनीने त्याला सहायक म्हणून घ्यायचं कबूल केलं, सत्र संपेपर्यंत. तो रविवारी इथे येतो आहे. जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहील. तुझ्या दादाने आतल्या खोलीत पलंग लावला आणि आज दिव्याचा बल्बही बदलला. आम्ही दोघं आता त्या विषयावर भांडत नाही.

त्याला आणायला मी जाणार आहे. तुझा दादा म्हणाला, मी जातो, पहिल्याच भेटीत तो काही बोलला तर तुला लागेल. मी म्हटलं, तो माझ्याशी बोलायला आपल्या दारापर्यंत आला होता आणि मी तिथे नव्हते. या वेळी असेन. त्याला जे म्हणायचं असेल ते विमानतळावरच म्हणू दे. मी ऐकेन, त्याची एक पिशवी हातात घेईन आणि त्याला घरी आणेन.

वहिनी